सिनेमातलं भविष्य आणि छपाईयंत्रात पडलेली माशी

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रविवार पुरवणीत एक लेख ठरलेला असतो : ‘या सिनेमांनी भविष्य आधीच पाहिलं होतं!’ मग यादी येते. 1968 च्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’त अंतराळवीर जेवताना टेबलावरच्या सपाट पडद्यावर बातम्या बघतात, म्हणजे टॅब्लेट आला. 1989 च्या ‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या भागात साहेब भिंतीवरच्या पडद्यातून कर्मचाऱ्याला कामावरून काढतो, म्हणजे व्हिडिओ कॉल आला. 2002 च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’मध्ये जाहिरात गिऱ्हाइकाला नावाने हाक मारते, तेही आलं. जे आलं नाही त्याची थोडी थट्टा होते. 2015 कधीच उलटून गेलं, उडत्या मोटारी कुठे आहेत? ‘ब्लेड रनर’ने 2019 च्या लॉस एंजेलिसमध्ये हुबेहूब माणसांसारखे कृत्रिम मानव फिरवले होते, ते कुठे आहेत? शेवटी दिग्दर्शकांच्या दूरदृष्टीला सलाम करून लेख संपतो.

हे लेख मी आवडीने वाचते आणि वाचून झाल्यावर चिडते. बीएडला आम्हाला शिकवलं होतं की प्रश्नच चुकीचा असेल तर उत्तराला किती गुण दिले याला काही अर्थ नाही. विज्ञानपटांची ही दरसालची गुणपत्रिका चुकीच्या प्रश्नपत्रिकेवर तयार होते. ‘सिनेमात दाखवलेलं यंत्र बाजारात आलं का?’ एवढाच तिचा प्रश्न असतो. ते यंत्र पहिल्यांदा कोणावर चालेल, ते चुकलं तर त्या माणसाने कोणाचं दार ठोठवायचं, हे ती विचारत नाही. आणि माझी तक्रार फक्त यादी करणाऱ्यांविरुद्ध नाही. बहुतेक विज्ञानपटांनीही हा प्रश्न टाळला आहे. त्यांनी यंत्राची कल्पना केली. यंत्रासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाची केली नाही.

चेंडूवरचं नाव

‘मायनॉरिटी रिपोर्ट’ला या यादीत नेहमी मानाचं पान मिळतं, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू. फिलिप के. डिक यांची मूळ कथा 1956 ची. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी सिनेमा करायला घेतला तेव्हा 1999 मध्ये सँटा मोनिकाच्या एका हॉटेलात निरनिराळ्या क्षेत्रांतल्या जाणकारांना तीन दिवस एकत्र बसवलं आणि 2054 सालचं वॉशिंग्टन कसं असेल यावर खल केला. टॉम क्रूझ मोजे घातलेले हात हवेत फिरवून पडद्यावरची चित्रं इकडची तिकडे करतो, ते दृश्य सगळ्यांना आठवत असेल. त्यामागचे सल्लागार जॉन अंडरकॉफलर यांनी पुढे तशाच यंत्रणेची कंपनी काढली. सिनेमा काढला होता सावध करायला, आणि उद्योगजगताने तो कॅटलॉगसारखा चाळला.

सिनेमातल्या पोलिसांना खून व्हायच्या आधीच खुनी कळतो. हौदात पडून असलेल्या तीन माणसांना भविष्य दिसतं, मग यंत्र लाकडी चेंडूंवर नावं कोरतं. एकावर मरणाऱ्याचं, दुसऱ्यावर मारणाऱ्याचं. चेंडू घरंगळत येतो, पोलीस निघतात. यावर सिनेमा मोठा तात्त्विक सवाल उभा करतो : जो गुन्हा अजून घडलाच नाही त्याची शिक्षा द्यावी का? माणूस आपलं नशीब बदलू शकतो का? सवाल चांगला आहे. पण तो चेंडू बघताना मला प्रत्येक वेळी फार साधी शंका येते. त्यावरचं नाव बरोबर लिहिलंय का? या नावाची शहरात किती माणसं आहेत? सिनेमात ही शंका कुणालाच येत नाही. तिथे जॉन अँडर्टन नावाचा एकच माणूस आहे आणि यंत्राला त्याचं नाव अचूक लिहिता येतं.

दुसरी गोष्ट. यंत्राच्या तडाख्यात जो नायक सापडतो तो त्याच पोलीस विभागाचा प्रमुख आहे. त्याला सगळे दरवाजे माहीत आहेत, चोरून डोळे बदलून देणारा सर्जन त्याला गाठता येतो. याच सिनेमात एका मोडकळीला आलेल्या इमारतीत कोळ्यासारखी छोटी यंत्रं सोडली जातात. ती दारांखालून आत शिरतात आणि घराघरांतल्या माणसांचे डोळे तपासतात. भांडणारं जोडपं भांडण थांबवतं, डोळे तपासून घेतं आणि पुन्हा भांडू लागतं. त्या माणसांना हे नवीन नाही. माझ्या मते सिनेमाचा खरा विषय त्या इमारतीत राहतो. पण सिनेमा तिथे दोन-तीन मिनिटं थांबतो आणि परत साहेबांच्या संकटाकडे वळतो.

डोळे बदलल्यावर नायक कपड्यांच्या दुकानात जातो तेव्हा जाहिरात त्याला दुसऱ्याच माणसाच्या, एका जपानी गृहस्थाच्या नावाने हाक मारते. आपण हसतो. यंत्राने माणूस चुकीचा ओळखला, हा त्या सिनेमात विनोद आहे. सिनेमागृहाबाहेर तो खटला असतो.

माशीला माशी

आता ज्या सिनेमाला या याद्यांमध्ये क्वचितच जागा मिळते त्याच्याकडे येऊ. टेरी गिलियम यांचा 1985 चा ‘ब्राझील’. त्यातलं भविष्य अगदी भंगार दिसतं. इवलेसे पडदे, ते वाचायला समोर भिंग, टाइपरायटरसारखे संगणक आणि घराघरांतून गेलेले जाडजूड पाइप. यातलं एकही यंत्र कुठल्या कंपनीने बाजारात आणलं नाही. म्हणून त्याला भविष्यवेत्त्यांच्या पंगतीत पाट मिळत नाही.

पण कथा बघा. सरकारी कार्यालयात एक यंत्र अटकेचे हुकूम छापत असतं. वरून एक मेलेली माशी त्या यंत्रात पडते आणि ‘टटल’ या नावाच्या जागी ‘बटल’ छापलं जातं. त्या एका अक्षरासाठी ऐन नाताळात पोलीस छत फोडून एका साध्या कुटुंबप्रमुखाच्या घरात उतरतात. त्याला पोत्यात कोंबून नेतात आणि बायकोला पावती देतात. होय, नवऱ्याची पावती. तो माणूस चौकशीत मरतो, कारण त्याला हृदयविकार होता आणि ज्याच्या फायलीवरून चौकशी चालली होती त्या टटलच्या फायलीत हृदयविकाराची नोंद नव्हती. पुढे कार्यालयाच्या लक्षात येतं की चौकशीचा खर्च चुकीच्या खात्यातून वसूल झाला. तो परत करायला हवा. मग एक कारकून त्या विधवेकडे धनादेश घेऊन जातो. तिला धनादेश नको असतो. ती नवऱ्याचं प्रेत कुठे आहे ते विचारते.

मराठीत यासाठी वाक्प्रचार तयार आहे : मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ कागदाला मेलेली माशी चिकटलेली होती म्हणून नक्कल करणाऱ्या कारकुनाने माशी मारून आपल्या प्रतीवरही त्याच जागी चिकटवली. आपल्या पूर्वजांना कार्यालय नावाचं यंत्र गिलियमच्या फार आधी कळलं होतं. माशी कागदावर पडते तोवर ती अपघात असते. तिची बिनचूक नक्कल व्हायला लागली की ती व्यवस्था होते.

आणि हे भविष्य आलं की नाही? आलं. तेही आपल्या शेजारी.

तेलंगणा सरकारने नागरिकांच्या निरनिराळ्या सरकारी नोंदी एकमेकींशी जुळवून पाहणारी ‘समग्र वेदिका’ नावाची संगणकप्रणाली वापरली. कोण गरीब आहे आणि कोण गरीब असल्याचं सोंग करतंय, हे तिने शोधायचं. 2014 ते 2019 या काळात त्या राज्यात 18 लाखांहून अधिक रेशन कार्डं रद्द झाली. हैदराबादच्या एका मुस्लिम विधवेला धान्य नाकारण्यात आलं, कारण तिच्या नवऱ्याच्या नावावर मोटार आहे असं प्रणालीचं म्हणणं होतं. नवरा रिक्षा ओढायचा. कर्करोगाने गेला. मोटार होती ती त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2022 मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष घरोघर जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. म्हणजे यंत्राने केलेलं काम शेवटी माणसाने पायपीट करून तपासायचं ठरलं. टटल आणि बटल. फक्त माशी नव्हती. माशीचं काम प्रणालीने स्वतःच केलं.

या विधवेची गोष्ट कुठल्या विज्ञानपटात शोभेल? एकाही नाही. तिच्या गोष्टीत रोबोट नाही, स्फोट नाही, निळा प्रकाश नाही. रेशन दुकानाचा काउंटर आहे आणि पलीकडचा माणूस मान हलवतो आहे.

सिस्टिम घेत नाही

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून नावांचा हा घोळ मला रोज हातात धरून बघावा लागतो. उर्दूत ‘स’च्या उच्चारासाठी तीन अक्षरं आहेत : से, सीन आणि साद. सुरैया ‘से’ने लिहायची, सलमा ‘सीन’ने आणि साबिर ‘साद’ने. ‘ज़’साठी चार आहेत. ज़ाकिर, ज़ैनब, ज़मीर आणि ज़हीर या चौघांची चार वेगळी अक्षरं. देवनागरीत आल्यावर तिन्ही ‘स’ एक होतात. ‘ज़’चा नुक्ता मराठीत गळतो, मग कुणी ‘जैनब’ लिहितं, कुणी ‘झैनब’. इंग्रजीत गेल्यावर कुणी झेड लावतं, कुणी जे. ‘शेख’ची इंग्रजी स्पेलिंगं किती होतात ते मोजायचा नाद मी सोडून दिला आहे. त्यातून ‘शेख’ कुणाच्या नावाच्या आधी येतं, कुणाच्या शेवटी. वडिलांचं नाव मधे लावायची रीत सगळ्यांकडे नाही, पण अर्जात त्याचा रकाना सक्तीचा असतो.

आमच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असाच अडकला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. तिन्ही ठिकाणी नाव लिहिणारा माणूस वेगळा होता आणि तिघांनीही आपापल्या परीने बरोबरच लिहिलं होतं. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की नाव जुळत नाही. तिचे वडील मजुरी बुडवून तीन कार्यालयं फिरले, प्रतिज्ञापत्र करून आणलं. एका ठिकाणी मीही सोबत गेले. खिडकीतला माणूस उद्धट नव्हता. उलट कळवळून म्हणाला, “मॅडम, मला समजतंय हो, ही तीच मुलगी आहे. पण सिस्टिम घेत नाही.” अर्जाची मुदत संपली.

‘सिस्टिम घेत नाही.’ यंत्रयुगाचा खलनायकी संवाद कुठला असं मला विचाराल तर मी हे वाक्य सांगेन. ‘2001’मधला हॅल 9000 हा संगणक अंतराळवीराला दार उघडून द्यायला नकार देतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण हॅलला निदान स्वतःचं कारण असतं. तो विचार करून नाही म्हणतो, त्याच्याशी वाद घालता येतो. आमच्या खिडकीत ‘नाही’ होतं, पण ते म्हणणारं कुणीच नव्हतं. माणूस म्हणत होता, मी नाही, यंत्र. यंत्र म्हणत होतं, मी नाही, नियम. आणि नियम ज्याने लिहिला त्याला ज़ैनब हे नाव किती प्रकारे लिहिता येतं याची कल्पनाच नव्हती.

सिनेमाने आपल्याला अतिहुशार यंत्राला घाबरायला शिकवलं. 1984 चा ‘टर्मिनेटर’ घ्या, 2010 चा रजनीकांतचा ‘रोबोट’ घ्या. यंत्राला स्वतःची इच्छा फुटते आणि ते माणसावर उलटतं. ही भीती मोठ्या कंपन्यांच्याही सोयीची आहे, कारण तिच्यात त्यांच्या मालाची जाहिरातच होते. आमचं यंत्र इतकं हुशार आहे की एक दिवस जगाचा ताबा घेईल! प्रत्यक्षात आपल्या वाट्याला आलंय ते अर्धवट शिकलेलं यंत्र. त्याला इच्छा नाही, राग नाही. फक्त ज्याच्या हाती ते आहे त्याच्या आळसाला आणि पूर्वग्रहाला ते गणिताचा मुखवटा देतं.

‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 मधल्या नाटकातून. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचे श्रम, आपल्याकडची वेठ. शब्द जन्माला आला तेव्हा त्याच्या पोटात ‘कोण कोणाला राबवतो’ हा प्रश्न होता. पुढच्या बहुतेक सिनेमांनी रोबोट ठेवला आणि वेठ विसरली.

चेहऱ्याचे गुण

नावानंतर चेहरा. सिनेमात कॅमेरा गर्दीवरून फिरतो, एका चेहऱ्याभोवती चौकट उमटते, टुंग असा आवाज येतो आणि माणूस सापडतो. एकदाही चुकत नाही. बाहेर काय घडलं? जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट पोलिसांनी एका कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या घराच्या अंगणात, बायको आणि लहान मुलींसमोर बेड्या घातल्या. दुकानातली घड्याळं चोरल्याचा आरोप होता. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने कॅमेऱ्यातल्या अंधुक चित्राशी त्याचा फोटो जुळवला होता. तो चोर नव्हता. ते चित्र त्याने स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरून पोलिसांना दाखवलं. 2024 मध्ये शहराने त्याला 3 लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

हा योगायोग म्हणावा तर त्याच्या आदल्या महिन्यात, डिसेंबर 2019 मध्ये, अमेरिकेच्याच ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने 189 प्रणाली तपासून सांगितलं होतं की चुकीच्या माणसाला ‘हाच तो’ म्हणण्याचं प्रमाण अनेक प्रणालींमध्ये गोऱ्यांच्या तुलनेत आफ्रिकन आणि आशियाई चेहऱ्यांबाबत 10 ते 100 पट आहे. यंत्र सगळ्यांवर सारखं चुकत नाही. ज्यांचे चेहरे ते नीट शिकलेलं नाही त्यांच्यावर ते जास्त चुकतं.

आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकाराखाली सांगितलं की चेहऱ्यांमध्ये 80 टक्के साम्य आढळलं तर जुळणी झाली असं ते धरतात. माझ्या वर्गात 80 टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य, पेढे वाटण्याचा दिवस. पण हे गुण खात्रीचे नसून दिसण्यातल्या साम्याचे आहेत. सख्ख्या भावांना किती पडतील? दाढी आणि टोपी सारखी असलेल्या दोन अनोळखी माणसांना किती? प्रश्न कुणालाही पडावा असा आहे. पण ज्याच्या घरात दाढी आणि टोपी आहे त्याला तो रात्रीही पडतो.

होऊन गेलेलं भविष्य

‘मायनॉरिटी रिपोर्ट’ बघून बाहेर पडलेला प्रेक्षक म्हणतो, बापरे, गुन्ह्याआधीच गुन्हेगार! असं झालं तर? अहो, महाराष्ट्रात हे होऊन गेलं आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि 1911 च्या कायद्याने तो देशभर पसरला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी समाजांची अख्खी नोंदवही झाली. मूल त्या घरात जन्मलं एवढं पुरेसं होतं. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, ‘सेटलमेंट’ नावाने ती आजही लोकांच्या तोंडी आहे. तीन भविष्यवेत्ते नको, हौद नको, एक रजिस्टर पुरलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. पण कुठे चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात ही तक्रार अजून गेलेली नाही.

बोटांचे ठसेही असेच. त्यांचं जगातलं पहिलं कार्यालय लंडन-न्यूयॉर्कला नाही, 1897 मध्ये कलकत्त्याला निघालं. ठशांच्या वर्गीकरणाचं गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी पोलीस कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता, पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं मिळालं. विज्ञानपटात नवं तंत्र आधी चकचकीत महानगरात येतं. इतिहासात ते आधी अशा लोकांवर करून पाहिलं जातं ज्यांच्या तक्रारीची दखल घेणं कुणाला बंधनकारक नसतं.

आणि जुनं रजिस्टर नव्या यंत्राच्या पोटात जातं. आपल्या तुरुंगांचे सरकारी अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की दलित, आदिवासी आणि मुस्लिम कच्च्या कैद्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. उद्या याच नोंदींवर शिकवलेलं यंत्र ‘धोका कुठे आहे’ असं विचारल्यावर कुठल्या मोहल्ल्याकडे आणि कुठल्या पालाकडे बोट दाखवेल? त्याला द्वेष करायला शिकवावं लागणार नाही. फक्त जुनी वही वाचायला द्यावी लागेल.

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. शिकागो पोलिसांनी हिंसाचारात सापडण्याची शक्यता असलेल्यांची, माणसागणिक गुण दिलेली यादी बनवली. ती फुगत जाऊन सुमारे 4 लाख नावांची झाली. त्या यादीमुळे हिंसाचार घटल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही आणि 2019 मध्ये ती गुंडाळली. कॅलिफोर्नियातलं सांता क्रूझ हे गुन्ह्यांचा आगाऊ अंदाज बांधणारी प्रणाली आधी घेणाऱ्या शहरांपैकी एक. 2020 मध्ये त्याच शहराने तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे वाटचाल उलट्या दिशेने आहे. पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायला महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये कंपनी काढली आणि तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप केलं ‘मार्व्हल’. सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या कंपनीचंच नाव. गुन्हे लवकर उलगडावेत याला माझा विरोध कसा असेल? सायबर भामट्यांनी लुटलेले पेन्शनर माझ्याही गल्लीत आहेत. पण नाव वाचून मनात आलं की ज्यांनी हे बारसं केलं त्यांच्या डोळ्यांसमोर कुठलं चित्र असेल? कधीच न चुकणाऱ्या सुपरहिरोचं की माशी पडलेल्या छपाईयंत्राचं?

आक्षेप

मला ठाऊक आहे, दोन आक्षेप येतील. पहिला : सिनेमा हा सिनेमा असतो, त्यात रेशनच्या रांगा काय दाखवायच्या? यावर माझं म्हणणं असं की मनोरंजन काय आणि कसं हे आपण ठरवतो. ‘ब्राझील’ बघताना हसून मुरकुंडी वळते. आणि आपल्या मराठीला तर हे जमतंच. मकरंद अनासपुरेचा 2007 चा ‘जाऊ तिथे खाऊ’ आठवा. कागदोपत्री खोदलेली, जमिनीवर नसलेली विहीर चोरीला जाते आणि तक्रार घ्यावी लागते. गावोगाव लोक पोट धरून हसले, कारण ती गोष्ट त्यांची होती. तो काळ ‘कागदावर आहे, जमिनीवर नाही’चा होता. आताचा उलट आहे. माणूस जमिनीवर आहे, समोर उभा आहे, बोलतो आहे, आणि पडद्यावर नाही. याहून मराठमोळा विज्ञानपट दुसरा कुठला असेल? त्याला शंभर कोटींचे स्पेशल इफेक्ट लागणार नाहीत. एक खिडकी, एक संगणक आणि एक म्हातारी पुरेल.

दुसरा आक्षेप मला जास्त ओळखीचा आहे : तुम्हा लोकांना सगळीकडे अन्यायच दिसतो. ठीक आहे. मग तेलंगणातली ती 18 लाख कार्डं फक्त मुसलमानांची होती का? एका तालुक्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे किती पाटील आणि किती जाधव निघतात ते तलाठ्याला विचारा. कष्टाने झिजून गेलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा यंत्र मजुराचा धर्म विचारत नाही. आम्हाला हे आधी दिसतं, कारण आम्ही रांगेत पुढे उभे आहोत. रांग मात्र एकच आहे आणि ती मागे लांबपर्यंत गेली आहे.

म्हणून मला विज्ञानपट बंद व्हायला नको आहेत, आणखी हवे आहेत. वर्गात मुलं विचारतात, “मिस, रोबोट आपल्यावर राज्य करतील का?” मी त्यांना सांगते की पडद्यावर नवं यंत्र दिसलं की तीन गोष्टी विचारायच्या. हे कोणाच्या हातात आहे? हे कोणावर आधी चालणार? आणि हे चुकलं तर ‘मी चुकलो’ असं कोण म्हणणार? तिसऱ्या प्रश्नाला ज्या सिनेमाकडे उत्तर नाही त्यातलं यंत्र कितीही खरं ठरो, त्यातलं भविष्य खोटं आहे. आणि हेच तीन प्रश्न सिनेमागृहाबाहेर, सरकारी खिडकीतही विचारायचे. तिथे हात जोडून नाही, लेखी विचारायचे आणि पोच घ्यायची.

पुढच्या वर्षी पुन्हा यादी छापून येईल. उडत्या मोटारी, हवेत हलणारे पडदे, घरकाम करणारे रोबोट. छापा, हरकत नाही. फक्त पहिल्या क्रमांकावर ती मेलेली माशी ठेवा. तिच्याइतकं खरं भविष्य कुणी सांगितलेलं नाही.